त्या इवल्या माणसांचे काय?

‘फ्युचरामा’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेच्या एका भागात अवकाशातील एक तेजोमय दीर्घिका एका यंत्रमानवाशी बोलते. जाता जाता ती त्याला असे सांगते की, काम अचूक साधले म्हणजे आपण काही केले याचीसुद्धा लोकांना खात्री वाटत नाही. आम्ही येथे केवळ आशय दिला आहे. मूळ इंग्रजी वाक्य चाहत्यांना मुखोद्गत असते. हा भाग २००२ साली प्रथम दाखविला गेला. तेव्हापासून ईश्वर, प्रार्थना, दैव यांपैकी कशाचाही विषय निघाला की चाहतेमंडळी ते वाक्य सुभाषितासारखे पुढे करतात.

हे सुभाषित आम्हीही एकदा वापरले, आणि तेही वेदीपाशी उभे राहून. त्याची कबुली प्रारंभीच दिलेली बरी, कारण प्रस्तुत लेखाचा जन्म त्या चुकीतून झाला आहे. एका पावसाळ्यात एका तरुणाच्या अंत्यविधीची मिस्सा आमच्याकडे होती. आजार लांबलेला होता. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, युवक मंडळाने प्रार्थनेत काही उणे ठेवले नव्हते. नोव्हेनामागून नोव्हेना झाल्या होत्या. अशा वेळी प्रवचनात काय बोलावे हा प्रश्न पंचवीस वर्षांच्या सेवेनंतरही धर्मगुरूला सुटलेला नसतो. आम्ही बोलून गेलो की, ईश्वराचा हात इतका हलका असतो की त्याने काही केले असे आपल्याला जाणवतही नाही. चर्चमध्ये शांतता पसरली. वाक्य लागू पडले असे आम्हांस वाटले. ते एका कार्टूनमधून आले आहे, हे अर्थातच आम्ही सांगितले नाही.

दफन आटोपल्यावर फाटकापाशी मृताचा मामेभाऊ आम्हांस भेटला. तो अभियंता आहे आणि शाळेत असल्यापासून या मालिकेचा चाहता. “फादर, ते बेंडरच्या भागातलं ना?” त्याने विचारले. आम्ही ओशाळून मान डोलावली. तो किंचित हसला. “पण फादर, ते वाक्य येतं त्याच्या आधी ती इवली माणसं सगळी मेलेली असतात. त्यांचं काय?” त्याच्या स्वरात आरोप नव्हता. एवढे बोलून तो आत्येच्या डोक्यावर छत्री धरायला निघून गेला.

पुढे काही आठवड्यांनी तो आणि त्याचे दोन मित्र आमच्याकडे आले आणि आम्ही चौघांनी तो भाग पुन्हा पाहिला. मित्रही चाहतेच, एक श्रद्धाळू, दुसरा मिस्सेला येणे सोडलेला. पाहण्यास पुरती पंचवीस मिनिटेही लागली नाहीत. वाद मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत चालला, आणि तो ऐकताना आमच्या लक्षात आले की, या भागाविषयी जगभरच्या चाहत्यांत जी मते आढळतात ती बहुतेक सगळी त्या खोलीत हजर होती.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ‘फ्युचरामा’ निर्माण केली ती ‘द सिम्पसन्स’चे जनक मॅट ग्रोनिंग यांनी, आणि ती घडविण्यात डेव्हिड एक्स. कोहेन यांचा मोठा वाटा होता. फॉक्स वाहिनीवर ती २८ मार्च १९९९ रोजी सुरू झाली. फ्राय नावाचा न्यूयॉर्कमधील पिझ्झा पोहोचविणारा एक पोरगा १९९९च्या शेवटच्या रात्री चुकून गोठविला जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. तेथे त्याला माल पोहोचविणाऱ्या एका अवकाशयानावर नोकरी मिळते. यानाची कप्तान लीला ही एकाक्ष तरुणी, आणि फ्रायचा जिवलग मित्र बेंडर हा यंत्रमानव. बेंडर दारू पितो, चोरी करतो, थापा मारतो. सद्गुण म्हणून त्याच्या नावावर जवळजवळ काही नाही. फॉक्सने २००३ साली मालिका थांबविली. ती पुढे निरनिराळ्या रूपांत परत आली, अगदी २०२३मध्येसुद्धा. लेखकवर्ग मोठा विद्वान. आपल्या चर्चेतील भाग लिहिणारे केन कीलर हे हार्वर्ड विद्यापीठाचे उपयोजित गणितातील डॉक्टर आहेत, आणि २०१०च्या एका भागातील कथानकाचा गुंता सोडविण्यासाठी त्यांनी चक्क एक प्रमेय सिद्ध केले होते. विनोदाला इतका अभ्यास लागतो, हे आमच्याकडील नाताळच्या एकांकिका लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

भागाचे नाव ‘गॉडफेलाज’. गुन्हेगारांच्या जीवनावरील मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘गुडफेलाज’ या १९९०च्या चित्रपटाच्या नावावर ही कोटी आहे. स्कॉर्सेसी लहानपणी काही काळ सेमिनरीच्या पूर्वतयारीच्या शाळेत होते; सेमिनरीत दिवस काढलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट उगीचच सुखावते.

कथा अशी आहे. शांत झोप लागावी म्हणून बेंडर यानातील टॉर्पेडो सोडण्याच्या नळीत जाऊन निजतो. अवकाशातील चाचे हल्ला करतात, त्या गडबडीत टॉर्पेडोऐवजी बेंडरच डागला जातो. यान त्या वेळी पूर्ण वेगात असल्याने बेंडरचा वेग यानाहून अधिक, म्हणून त्याला गाठणे कधीच शक्य नाही. तो अनंत पोकळीत एकटा वाहत जातो. वाटेत एक लघुग्रह त्याच्यावर आदळतो आणि त्याबरोबर आलेली सूक्ष्म माणसे त्याच्या पोलादी देहावर वस्ती करतात. त्यांना श्रिंपकिन म्हणतात. ती बेंडरला देव मानू लागतात. त्यांचा संदेष्टा मलाखी. (जुन्या करारातील मलाखी या नावाचा अर्थ ‘माझा दूत’ असा होतो, लेखकाने नाव निवडताना शास्त्र उघडले होते.) देव झालेल्या बेंडरची पहिली आणि एकमेव आज्ञा काय, तर देवाला दारू हवी. ती गाळता गाळता कितीतरी श्रिंपकिन जायबंदी होतात. मग ते आपली दुःखे देवापुढे मांडतात आणि बेंडरला खरोखर कळवळा येतो. पण त्याच्या अजस्र हाताने केलेली प्रत्येक मदत त्यांच्यावर नवे संकट होऊन कोसळते. तेव्हा तो ठरवितो की आता कशातच हात घालायचा नाही.

दरम्यान त्याच्या पाठीकडच्या बाजूला राहावयास गेलेल्या श्रिंपकिनांची अशी खात्री होते की, आपल्या प्रार्थना कोणी ऐकत नाही, अर्थात देव नाही. श्रद्धावंत आणि नास्तिक यांच्यात युद्ध पेटते. बेंडर मध्ये पडत नाही. त्याच्याच देहातील अणुभट्टीतून उचललेली अस्त्रे दोन्ही बाजूंनी सुटतात आणि सगळे संपते. मलाखीही जातो.

याच्या नंतर ती दीर्घिका भेटते. ती यंत्राच्या द्विमान भाषेत विचार करते, म्हणून बेंडरला तिच्याशी बोलता येते. आपणही एकदा देव होतो, असे तो तिला सांगतो. दीर्घिकेचे उत्तर हा या भागातील सर्वांत गाजलेला विनोद आहे. ती म्हणते की तिने ते पाहिले, आणि सगळे मरेपर्यंत त्याचे बरे चालले होते.

इकडे पृथ्वीवर फ्राय मित्राच्या शोधात आहे. एका उंच पर्वतावरील मठात भिक्षू प्रचंड रेडिओ दुर्बिणीने अवकाशात देव शोधीत आहेत. फ्राय आणि लीला त्या भिक्षूंना कपडे धुण्याच्या खोलीत कोंडतात आणि दुर्बीण आपल्या कामाला लावतात. काही हाती लागत नाही. शेवटी थकून फ्राय एवढेच म्हणतो की, बेंडर परत मिळाला असता तर बरे होते. तो उद्गार दुर्बिणीतून दीर्घिकेपर्यंत पोहोचतो आणि ती बेंडरला पृथ्वीकडे भिरकावते. तो जळत येऊन नेमका या दोघांच्या पुढ्यात पडतो. याहून असंभाव्य असे आजवर काही घडलेच नाही, असे लीला म्हणते. तिला आणि फ्रायला कारण कधीच कळत नाही.

चाहत्यांच्या वादाचा पहिला मुद्दा म्हणजे ती दीर्घिका देव आहे की नाही. बेंडर तिला तसे सरळ विचारतो; ती म्हणते, शक्य आहे. मग तो तर्क लढवितो की, एखादे संगणकयुक्त अवकाशयान देवावर आदळून ही तयार झाली असेल. ती म्हणते, तेच अधिक संभवते. यावर चाहते पुष्कळ वेळ घालवितात. आम्हांस त्यात फार रस वाटला नाही. ईश्वर काय आहे यापेक्षा तो काय नाही हेच आपण अधिक जाणतो, असे संत थॉमस अक्वायनस सांगून गेले. त्या मानाने दीर्घिकेने आपल्याविषयी बरीच माहिती दिली म्हणावयाची.

दुसरा मुद्दा प्रार्थनेचा, आणि येथे लेखकाची करामत खरोखर पाहण्यासारखी आहे. श्रद्धाळू मित्राचे म्हणणे असे की, फ्रायची प्रार्थना ऐकली गेली, यात वाद कसला? मिस्सा सोडलेला मित्र म्हणाला, ती प्रार्थना नव्हतीच, तो नुसता उसासा होता आणि दुर्बीण चालू राहिली होती. दोघांचेही बरोबर आहे, आणि तेच या प्रसंगाचे मर्म. सेमिनरीत आम्हांस गौण कारणांचा सिद्धान्त शिकविला गेला होता. ईश्वर आदिकारण खरे, तथापि तो सृष्टीतील कारणांना बाजूला न सारता त्यांच्याचद्वारे कार्य करतो. हा सिद्धान्त आम्ही पाठ केला, परीक्षेत लिहिला, पुढे प्रवचनांतही सांगितला. परंतु डोळ्यांनी पाहिला तो या कार्टूनमध्ये. दोरीची दोन्ही टोके केवळ प्रेक्षकाला दिसतात. फ्रायच्या जागी उभे राहिले तर योगायोग, दीर्घिकेच्या जागी उभे राहिले तर दिलेले उत्तर; आणि दोन्ही ठिकाणी घडते ते तेच. अमेरिकेच्या लेखकसंघाने व्यंगचित्रपटलेखनाचे पहिले पारितोषिक याच भागाला दिले. ते सार्थ होते.

तिसरा मुद्दा शेवटचा. बेंडर परतल्यावर विषय निघतो की ते भिक्षू अजून कोंडलेलेच आहेत. लीलाला परत एवढी पायपीट नको असते. त्यांचा देव त्यांना सोडवील, निदान खायला आणखी बूट तरी पुरवील, असे ती म्हणते. यावर बेंडर उसळतो. देवाच्या भरवशावर काहीही सोडता येत नाही, आपण गेलो नाही तर त्यांना कोणी सोडविणार नाही, असे तो बजावतो. आणि ते जातात. मग दृश्य पृथ्वीपासून मागे मागे सरकत दीर्घिकेपर्यंत पोहोचते, ती आपले ते प्रसिद्ध वाक्य पुन्हा उच्चारते आणि हळूच हसते. नास्तिक चाहत्यांना बेंडरचे वाक्य आवडते, आस्तिकांना दीर्घिकेचे हसू. आपापला अर्धा भाग घेऊन दोन्ही पक्ष संतुष्ट.

आम्हांस मात्र येथे प्रभू येशूने सांगितलेला दोन मुलांचा दृष्टान्त आठवला. एकाला बाप मळ्यात जा म्हणतो, तो नाही म्हणतो आणि मागाहून जातो; दुसरा हो म्हणतो आणि जात नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात तो वाचताना आम्ही नेहमी एखादा उर्मट पण प्रेमळ शेतकरीपुत्र डोळ्यांसमोर आणीत असू. आता आमच्या डोळ्यांसमोर बेंडर येतो.

एवढ्यावर लेख संपविता आला असता, आणि आमचे ते प्रवचनही निर्दोष ठरले असते. पण मामेभावाचा प्रश्न शिल्लक होता. तो स्वतः वादात जवळजवळ बोललाच नाही. एकदाच त्याने चित्र थांबविले आणि दीर्घिकेचा तो विनोद परत लावला. “तिने पाहिलं होतं,” तो म्हणाला.

हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही त्या विनोदाला आधी दोनदा हसलो होतो. दीर्घिका पाहत होती. श्रिंपकिन मरत असताना ती पाहत होती, आणि फ्रायच्या एका उसाशासाठी जिने बेंडरला भिरकावून घरी पोहोचविले, तिने तेथे बोटही हलविले नाही. काही केल्याची खात्री वाटू नये हे तिचे तत्त्व मान्य केले, तरी श्रिंपकिनांच्या बाबतीत संशयाला जागाच नाही.

यावर चाहत्यांची ठरलेली उत्तरे आहेत, ती मित्रांनी दिली. एक असे की, तो विनोद आहे, ती माणसे मुंगीहून लहान. पण दीर्घिका बेंडरच्या मानाने जेवढी मोठी आहे तेवढा बेंडर श्रिंपकिनांच्या मानाने खासच मोठा नाही. लहानपणाचा दाखला दिला तर फ्राय, बेंडर, ते भिक्षू आणि आपण सगळेच हिशेबातून जातो; भागाची सारी रचनाच या प्रमाणावर उभी आहे. दुसरे उत्तर असे की, युद्ध त्यांचे त्यांनी केले, अस्त्रे त्यांनीच डागली. इच्छास्वातंत्र्य म्हणतात ते हेच. हे उत्तर बळकट आहे आणि आम्हीही इतर प्रसंगी ते देतो. मात्र युद्धापूर्वी जे मेले, देवाने मदत केल्यामुळे जे मेले, त्यांना ते लागू होत नाही. आजाराने मेलेल्यांनाही होत नाही, हे आम्ही मनात म्हटले. खोलीत ते कोणी बोलले नाही.

तिसरे उत्तर श्रद्धाळू मित्राने दिले आणि ते आम्हांस सर्वांत अधिक खटकले. तो म्हणाला, श्रिंपकिनांनी चुकीच्या देवाची प्रार्थना केली. फ्रायचा आवाज बरोबर पत्त्यावर गेला. शुद्ध तर्क म्हणून हे ठीक आहे. परंतु ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे तो हे बोलत होता त्यातच योनाचे पुस्तक आहे. जुन्या करारात विनोदी म्हणता येईल असे एखादे पुस्तक असेल तर ते हेच. परक्या देवांची पूजा करणारे निनवे नगर बचावते आणि संदेष्टा योना त्याबद्दल रुसून बसतो. तेव्हा देव त्याला विचारतो की, ज्यांना उजवे-डावेही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे ज्या नगरात आहेत, त्याची मी कीव करू नये काय? आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी तो त्या नगरातील गुराढोरांचाही उल्लेख करतो. पत्ता चुकला म्हणून पत्र फाडून टाकणारा हा देव नव्हे.

गुराढोरांवरून आठवले. या मालिकेच्या चाहत्यांचा याहून मोठा कलह एका कुत्र्यावरून झाला आहे. नोव्हेंबर २००२मधील ‘जुरासिक बार्क’ या भागात फ्रायचा कुत्रा सीमोर मालक गोठविला गेल्यावर पिझ्झाच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षे त्याची वाट पाहत बसतो आणि तसाच प्राण सोडतो. हा शेवट पाहून मोठी माणसे रडली आणि असे करणे क्रूरपणाचे की थोर कलेचे, यावर चाहते भांडले. पुढे २००७च्या ‘बेंडर्स बिग स्कोर’ या चित्रपटात लेखकांनी कालप्रवासाची युक्ती योजून दाखविले की, फ्रायची एक प्रतिकृती भूतकाळात परतली होती आणि सीमोर तिच्या सहवासात होता. काहींना दिलासा मिळाला. काहींना मूळ दुःखाची किंमत कमी झाली असे वाटले. कुत्र्याला अशी भरपाई मिळाली. श्रिंपकिनांसाठी तसा हट्ट धरणारा चाहता आम्हांस या मामेभावावाचून भेटलेला नाही.

याचे कारण, आमच्या मते, ते सुभाषितच आहे. ते इतके गोळीबंद आहे की त्याच्या आधीचे सारे पुसून टाकते. दीर्घिका ते वाक्य कोणत्या उपमांच्या संगतीत बोलते हे पाहावे. जास्त मदत केली तर माणसे परावलंबी होतात, काहीच केले नाही तर आशा सोडतात, म्हणून तिजोरी फोडणाऱ्या किंवा खिसे कापणाऱ्या माणसासारखा हलका हात हवा, असे ती सांगते. बेंडर स्वतः चोर, त्याला हे पटकन समजते, आणि विम्याच्या पैशांसाठी आपलाच बार जाळणाऱ्याचे उदाहरण तो आपल्या परीने जोडतो. आता प्रभूचा दिवस चोरासारखा येईल असे संत पौलानेही थेस्सलनीकाकरांस लिहिले आहे. उपमेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ठसा न ठेवण्याच्या अभिमानाला. उत्तम चोर मागे खूण ठेवीत नाही. आमची श्रद्धा ज्याच्यावर आहे तो पुनरुत्थित झाल्यावर थोमाला हातांच्या आणि कुशीच्या खुणा दाखवितो. आमच्याच भाषेतील परंपरा पाहिली तरी जनाबाईचा विठ्ठल आडून आडून पीठ पाडून जात नाही. तो तिच्याबरोबर जात्याला बसतो.

एक योगायोग आम्हांस पंचांग चाळताना सापडला. हा भाग अमेरिकेत १७ मार्च २००२ रोजी दाखविला गेला. तो उपवासकाळातील पाचवा रविवार होता, आणि त्या वर्षीच्या वाचनक्रमाप्रमाणे त्या दिवशी जगभरच्या चर्चमध्ये लाजरसचे शुभवर्तमान वाचले गेले असणार. भाऊ मेल्यावर मार्था येशूला गाठते आणि आपण येथे असतात तर तो मेला नसता, असे तोंडावर सुनावते. येशू उशिरा आलेला आहे, जाणूनबुजून उशिरा. तो काय करणार आहे हे त्याला ठाऊक आहे. तरीही थडग्यापाशी जाताना तो रडतो. पुढच्या चमत्काराचे जे काय असेल ते असो. आधी तो रडतो, आणि लोक ते पाहतात. दीर्घिका हसते. ते हसू कुत्सित नाही, प्रेमळच आहे. पण मलाखी मेला तेव्हा ती काय करीत होती हे आपल्याला सांगितलेले नाही, एवढेच कळते की तिने पाहिले.

मग या भागात रडते कोण? तो चोर, तो दारुडा यंत्रमानव. आपल्या मदतीने झालेली हानी पाहून त्याच्या बोलण्यातील मगरुरी गळून पडते. लेखकाने शोक ठेवला तो अपयशी देवाच्या ठायी, आणि आम्हांस वाटते की हे त्याने समजून केले आहे. भिक्षूंना सोडविण्यास बेंडर धावतो तो दीर्घिकेच्या तत्त्वज्ञानाने नव्हे. तिने सांगितले होते ते हलक्या हाताविषयी; हा तर सरळ दार उघडायला निघतो. हात आखडून बसल्याने काय होते ते त्याने एकदा स्वतःच्या छातीवर पाहिलेले आहे. चाहत्यांनी वाक्य दीर्घिकेचे उचलले. या कथेत काही शिकलेले पात्र मात्र बेंडर आहे.

तेव्हा भागात दोष काढावयाचा नाही. त्याने मृतांना लपविलेले नाही. ते आपल्यापुढे मांडून, त्यांच्यावर एक भयंकर विनोद करून, मगच तो ते सुंदर वाक्य ऐकवितो. दोष वाक्य तोडून नेणाऱ्यांचा, आणि त्यांत आम्ही आघाडीवर होतो. सुटका झालेल्याच्या तोंडी ते वाक्य शोभते. फ्रायला खरा प्रकार कधी कळला असता, तर त्याने ते आनंदाने म्हटले असते. थडग्यापाशी उभे राहून, ज्यांच्या हाती काहीच पडलेले नाही त्यांना ते ऐकविणे म्हणजे सगळे मरेपर्यंत बरे चालले होते, एवढेच भरजरी भाषेत सांगणे होय. त्यानंतरच्या अंत्यविधीला आम्ही मार्थाचे वाचन घेतले, प्रवचन चार मिनिटांत आटोपले, आणि ते कोणाच्या लक्षात राहिले असेल असे वाटत नाही.

हे सारे आम्ही त्या संध्याकाळी तिघा तरुणांना सांगितले काय? नाही. त्या वेळी आम्हांस एवढे स्पष्ट दिसलेही नव्हते. आम्ही मामेभावाला इतकेच म्हणालो की, ते वाक्य त्या दिवशी आम्ही बोलावयास नको होते. त्याने मान हलविली आणि चित्र पुढे चालू केले. शेवटच्या हसण्याला तो हसला नाही. त्याआधी लीला त्या कोंडलेल्या भिक्षूंना आणखी बूट मिळण्याविषयी बोलली तेव्हा मात्र तो एवढ्या मोठ्याने हसला की, स्वयंपाकघरातून बाई काय झाले म्हणून पाहावयास आल्या.